खेळाच्या इंजिनाची मालकी

१९९७ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २३ तारखेस अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या 'इड सॉफ्टवेअर' नावाच्या एका लहानशा कंपनीने आपल्या 'डूम' या संगणकीय खेळाची मूळ आज्ञावली, म्हणजे ज्यास सर्वजण सोर्स कोड म्हणतात ती, जगापुढे मोकळी करून ठेवली. हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झाला होता आणि अवघ्या चार वर्षांत त्याच्या अनुकरणाने एक अख्खा खेळप्रकार उभा राहिला होता. ज्या धंद्यात प्रतिस्पर्ध्याच्या हाती एक ओळही लागू नये म्हणून कुलुपे घालण्याची रीत, त्या धंद्यात मालकाने आपण होऊन तिजोरीचे दार उघडे टाकावे, हा प्रकार विरळाच होता. जॉन कारमॅक या मुख्य रचनाकाराचा हिशेब मात्र सरळ दिसतो. विक्रीच्या दृष्टीने त्या आज्ञावलीचे दिवस सरले होते. शिकणाऱ्यांच्या दृष्टीने ते अजून उजाडावयाचे होते.

तेथपासून आजतागायत मुक्तस्रोत गेम इंजिनांचा जो इतिहास घडला तो आम्ही येथे सांगणार आहोत. तो सगळा सांगण्याचा आमचा आव नाही. जेथे जेथे मालकीचा प्रश्न ऐरणीवर आला तेथे आम्ही थांबू, आणि ज्यांची नुसती नावे घेणे पुरेसे आहे त्यांची नावे घेऊन पुढे जाऊ.

प्रथम इंजिन म्हणजे काय ते पाहू. जुन्या नाटक मंडळीचा संसार वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. पडदे, ते वर ओढण्याच्या दोऱ्या व कप्प्या, दिवे, रंगपट, पेट्या हा सारा सरंजाम कोणा एका नाटकापुरता नसे. आज 'सौभद्र' झाले, उद्या त्याच सरंजामावर 'शारदा' उभे राहिले. संगणकावरील खेळाची गोष्ट तशीच. पडद्यावर चित्र उमटविणे, ते सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने रेखाटणे, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की नाही हे ताडणे, आवाज काढणे, खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली ते ओळखणे, ही कामे प्रत्येक खेळास लागतात. ती करणारा जो सामाईक सरंजाम ते इंजिन. कथा, चित्रे, नकाशे व संगीत हे त्यावरचे नाटक. आता खेळ रचणारा आपल्या आयुष्याची दोन-चार वर्षे ज्या सरंजामावर खर्ची घालतो तो परक्याच्या मालकीचा असला, तर मालकाने अटी बदलल्या त्या दिवशी त्याचे बिऱ्हाड रस्त्यावर येते. ही भीती काल्पनिक नाही, हे पुढे दिसेलच.

डूमच्या कर्त्यांनी इंजिन आणि नाटक यांतील भेद आपल्या रचनेतच पक्का केला होता. नकाशे, चित्रे व आवाज 'वॅड' नावाच्या स्वतंत्र फायलींत, आणि इंजिन त्यांहून निराळे. म्हणून १९९७ साली कंपनीने जे दिले ते इंजिन. खेळावयाचे तर मूळ खेळ विकतच घ्यावा लागे. पुढे काही हौशी मंडळींनी 'फ्रीडूम' या नावाने सर्वस्वी नवी चित्रे व नकाशे रचून तीही उणीव भरून काढली, तो भाग वेगळा. आज्ञावलीसोबत कारमॅकने जे टिपण जोडले होते त्यातील दोन गोष्टी आम्हांस मोठ्या अर्थपूर्ण वाटतात. पहिली अशी की, मूळ डॉस आवृत्ती देता आली नाही, कारण तीत आवाजाचा जो भाग होता तो दुसऱ्याकडून परवान्याने घेतलेला होता. सबब लिनक्सवरची आवृत्ती द्यावी लागली. परक्याचा एक लहानसा भाग घरात असला की घर आपले असूनही उघडता येत नाही, याचा हा पहिला दाखला. दुसरी गोष्ट अशी की, काही वर्षे हात न लावलेली आज्ञावली कुजू लागते, आणि ती पुन्हा चालती करण्यास कोणीतरी कष्ट घ्यावे लागतात. ते कष्ट बर्न्ड क्रायमायर या गृहस्थाने घेतले होते.

आरंभीचा परवाना व्यापारी उपयोगास मनाई करणारा होता. १९९९ साली तो बदलून डूमची आज्ञावली 'जीपीएल' या परवान्याखाली आली. रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीतून १९८९ साली निघालेल्या या परवान्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते: घ्या, बदला, विका देखील, पण बदललेले दुसऱ्यास देताना त्याचीही मूळ आज्ञावली त्याच अटीवर दिली पाहिजे. त्याच वर्षी २१ डिसेंबरास कंपनीने 'क्वेक' या त्रिमितीय खेळाचे इंजिनही त्याच परवान्याखाली मोकळे केले.

क्वेकच्या बाबतीत एक निराळेच संकट उभे राहिले. हा खेळ जाळ्यावरून अनेकांनी मिळून खेळण्याचा. त्या काळच्या मंद तारांवर वेळ वाचावा म्हणून मध्यवर्ती यंत्र खेळणाऱ्याच्या यंत्रास जरूर त्याहून अधिक माहिती देई. भिंतीआड दडलेला प्रतिस्पर्धी कोठे आहे हेही त्यात येई. ही माहिती खेळणाऱ्यास दाखवावयाची नाही, एवढा भरवसा त्याच्याकडील आज्ञावलीवर टाकलेला असे. आज्ञावली उघडी होताच तो भरवसा कोसळला. लोकांनी ती बदलून आपोआप नेम धरणारे, भिंतीपलीकडचे पाहणारे असे लबाडीचे अवतार काढले, आणि प्रामाणिक खेळणारे हैराण झाले. यावरून काहींनी मुक्तस्रोतालाच दोष दिला. आम्हांस तो पटत नाही. लबाडीची फट मूळ रचनेतच होती, आणि उघडेपणामुळे ती सर्वांच्या नजरेस आली. तरी जे भोगावे लागले ते खेळणाऱ्यांनाच भोगावे लागले हेही खरे, आणि त्यांच्या तक्रारीला केवळ तत्त्वज्ञानाने उत्तर देता येत नव्हते.

इड कंपनीने हा परिपाठ पुढे चालू ठेवला. डिसेंबर २००१ मध्ये क्वेक २, ऑगस्ट २००५ मध्ये क्वेक ३, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये डूम ३. शेवटच्या वेळी पुन्हा परक्याचा भाग आडवा आला. सावल्या रेखाटण्याच्या एका युक्तीवर क्रिएटिव्ह लॅब्ज या कंपनीचे पेटंट होते; आज्ञावली मोकळी करण्यापूर्वी कारमॅकला त्या जागच्या काही ओळी नव्याने लिहाव्या लागल्या. दरम्यान २००९ साली इड कंपनी झेनिमॅक्सच्या ताब्यात गेली होती, आणि २०१३ साली कारमॅक तेथून बाहेर पडला. डूम ३ च्या पुढच्या पिढीचे इंजिन कंपनीने मोकळे केले नाही. मालकाच्या मर्जीने मिळालेले दान मालक बदलताच थांबले. जे आधी दिले होते ते परत घेता येत नव्हते, हा मात्र परवान्याचा प्रताप. त्याच्या जोरावर शेकडो लोक डूमला नवनव्या यंत्रांवर आजही चालवीत आहेत.

क्वेकच्या या वारशावर जी घराणी वाढली त्यांतील एकाची कथा सांगण्याजोगी आहे. क्वेकचेच सुधारलेले 'डार्कप्लेसेस' इंजिन घेऊन काही मंडळींनी २००५ साली 'नेक्सुइझ' नावाचा मुक्त खेळ काढला. पुष्कळ लोकांनी त्यात वर्षानुवर्षे फुकट राबून भर घातली. २०१० साली मूळ संस्थापकाने खेळाचे नाव एका व्यापारी कंपनीस दिले. आज्ञावली जीपीएलखाली असल्याने ती कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. पण नाव परवान्यात बसत नव्हते. राबणाऱ्या मंडळींनी आपली आज्ञावली उचलली आणि 'झोनॉटिक' असे नवे नाव घेऊन निराळी चूल मांडली. दोन वर्षांनी जुन्या नावाचा व्यापारी खेळ निघाला तो सर्वस्वी वेगळ्याच इंजिनावर. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत भांडीकुंडी धाकट्याला आणि घरावरची पाटी थोरल्याला मिळावी, तसा हा प्रकार.

आतापर्यंत सांगितली ती इंजिने आधी बंद दाराआड घडली व मागाहून उघडी झाली. पहिल्या दिवसापासून उघड्यावर घडविण्याचे प्रयत्नही १९९७ पासूनच चालू होते. बेल्जियममधील योरिट टायबर्गहाइन यांचे 'क्रिस्टल स्पेस' त्याच वर्षीचे. स्टीव्ह स्ट्रीटिंग यांच्या 'ऑग्र'ची १.० आवृत्ती २००५ साली आली; ते पूर्ण इंजिन नव्हते, केवळ चित्र रेखाटणारा भाग होता, पण तो इतका नेटका होता की २००९ सालच्या 'टॉर्चलाइट'सारख्या विकाऊ खेळानेही तोच वापरला. 'इर्लिख्ट' हे आणखी एक. ही इंजिने चांगली असूनही त्यांचा संसार फारसा वाढला नाही, आणि त्याचे एक कारण आम्हांस असे दिसते: ती अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी घडविली होती. चित्रकाराने, संगीतकाराने येऊन काम करावे असे दालन, म्हणजे संपादक खिडकी, त्यांच्यापाशी धड नव्हती.

ते दालन ज्याच्यापाशी होते त्या 'ब्लेंडर'ची कथा उलट्या दिशेने गेली. ब्लेंडर हे मुळात त्रिमितीय चित्रे घडविण्याचे साधन. हॉलंडमधील टोन रोझेंडाल यांची ती चालविणारी कंपनी २००२ च्या आरंभी बुडाली. गुंतवणूकदारांनी एक लाख युरो मिळाल्यास आज्ञावली मुक्त करू असे मान्य केले. त्या वर्षी १८ जुलैला वर्गणीची हाक दिली गेली आणि सात आठवड्यांत ती रक्कम जमली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीपीएलखाली मुक्त झाले. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावाने वर्गणी काढावी तशी जगभरच्या अनोळखी लोकांनी एका हत्यारासाठी ती काढली, ही या इतिहासातील एक सुंदर घटना होय. ब्लेंडरच्या पोटात एक गेम इंजिनही होते. २००८ साली 'यो फ्रँकी' हा मुक्त खेळ रचून त्याची कसोटीही पाहिली गेली. परंतु मुख्य साधन जसजसे वाढत गेले तसतसे इंजिनाकडे पाहावयास माणसे उरली नाहीत. २०१९ च्या जुलैत आलेल्या २.८० आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले. ज्यांनी त्यावर आपले खेळ बेतले होते त्यांच्या पायांखालची जमीन गेली. त्यांतील काहींनी 'यूपीबीजीई' नावाने ते वेगळे काढून जिवंत ठेवले आहे. परवान्याने हक्क मिळतो, पण त्या हक्काची मशागत करणारी माणसे परवाना पुरवीत नाही; कारमॅकच्या टिपणातील ते कुजणे येथे पुन्हा भेटते.

आता या इतिहासाची वाट दक्षिण अमेरिकेकडे वळते. २००८ च्या फेब्रुवारीत अर्जेंटिनातील कोर्डोबाजवळच्या लोस कोकोस या गावी पायथन भाषेत खेळ रचणारी काही मंडळी जमली आणि तेथे 'कोकोस टू-डी' जन्मले. गावाचेच नाव इंजिनाला दिले. रिकार्डो केसादा यांनी लवकरच ते आयफोनवर आणले, आणि २०१० साली चीनमध्ये त्याचा जो अवतार निघाला त्याने तिकडचा मोबाइल खेळांचा धंदा वाढविला.

त्याच देशाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेस येथे, हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मानसूर हे दोघे त्या सुमारास स्थानिक खेळ-कंपन्यांसाठी स्वतःचे एक इंजिन घडवीत होते. त्याची नावे वेळोवेळी बदलत गेली. शेवटी स्थिर झाले ते 'गोदो'. सॅम्युएल बेकेटच्या नाटकात दोघेजण ज्याची वाट पाहतात आणि जो कधी येतच नाही, तो हा. कर्त्यांचा अभिप्राय असा की, इंजिनात सर्व काही असावे ही इच्छा कधी पुरी होत नाही. (या नावाचा उच्चार इंग्रज एक करतो, फ्रेंच दुसरा, मराठी रंगभूमीला बेकेट परिचित असल्याने आम्ही 'गोदो'च लिहितो.) २०१४ च्या फेब्रुवारीत त्यांनी आज्ञावली 'एमआयटी' परवान्याखाली मोकळी केली. हा परवाना जीपीएलहून सैल आहे. घ्या, बदला, बदललेले पाहिजे तर गुप्त ठेवा. मूळ कर्त्यांचे नाव व परवाना तेवढा सोबत राहू द्या. इंजिनावर रचलेला खेळ सर्वस्वी रचणाऱ्याचा, त्यावर कोणाचाही हिस्सा नाही.

१.० आवृत्ती १५ डिसेंबर २०१४ रोजी आली, २.० फेब्रुवारी २०१६ मध्ये, आणि ३.० जानेवारी २०१८ मध्ये. या इंजिनाची मांडणी झाडासारखी आहे. प्रत्येक वस्तू ही एक गाठ, गाठींचे झाड म्हणजे एक दृश्य, आणि एक संपूर्ण दृश्य दुसऱ्या दृश्यात फांदीसारखे बसविता येते. शिकणाऱ्याला हे चटकन उमगते. ल्युआ, पायथन वगैरे भाषा जोडून पाहिल्यावर कर्त्यांनी शेवटी 'जीडीस्क्रिप्ट' ही स्वतःची लहान भाषा रचली. सर्व डाउनलोड अगदी थोडक्या जागेत मावते, आणि विशेष म्हणजे ज्या खिडकीत खेळ रचावयाचा ती संपादक खिडकी याच इंजिनावर चालते. ऑग्रच्या पिढीला जी उणीव नडली ती येथे नव्हती.

चुकाही झाल्या. ३.० मध्ये चित्र रेखाटण्याचा भाग नव्या पद्धतीवर नेला, तो जुन्या व स्वस्त फोनांना झेपेना. मार्च २०१९ च्या ३.१ मध्ये जुनी पद्धत परत आणावी लागली. ४.० साठी तर लोकांनी नाटकातल्यासारखीच वाट पाहिली. २०२२ च्या जानेवारीत पहिली कच्ची आवृत्ती दिसली आणि १ मार्च २०२३ रोजी पक्की आली. तीत 'बुलेट' हे परके भौतिकीचे यंत्र काढून घरचे बसविले, ते अनेकांच्या कसोटीस उतरले नाही. अखेर मार्च २०२५ च्या ४.४ मध्ये 'जोल्ट' हे दुसरे मुक्तस्रोत यंत्र सामावून घेतले गेले. परंतु एका गोष्टीबद्दल कर्त्यांची तारीफ केली पाहिजे. ४.० आल्यावर त्यांनी जुन्या शाखेवरील लोकांस वाऱ्यावर सोडले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे दीड वर्षानंतर, ३.६ ही आवृत्ती केवळ त्यांच्यासाठी निघाली.

हे सर्व कोणाच्या पैशाने? २०१५ साली प्रकल्प 'सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी' या धर्मादाय संस्थेच्या छत्राखाली गेला, म्हणजे देणग्या घेण्यास कायदेशीर जागा झाली. २०१६ साली मोझिलाने २०,००० डॉलर दिले. २०२० साली 'एपिक' कंपनीने अडीच लाख डॉलर दिले. ही कंपनी 'अनरिअल' या प्रतिस्पर्धी इंजिनाची मालक, हे ध्यानात घेतले म्हणजे मौज वाटते. २०२२ साली नेदरलंड्समध्ये 'गोदो फाउंडेशन' ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. थोडे पगारी लोक आणि त्यांच्याभोवती स्वयंसेवकांचा मोठा मेळा, असा एकंदर कारभार आहे.

आणि मग १२ सप्टेंबर २०२३ हा दिवस उजाडला. 'युनिटी' हे २००५ पासून चालत आलेले बंद इंजिन लहान खेळ-कंपन्यांचा मोठा आधार होते. तिच्या चालकांनी त्या दिवशी जाहीर केले की, १ जानेवारी २०२४ पासून ठराविक मर्यादेपुढे गेलेल्या खेळाच्या प्रत्येक नव्या स्थापनेमागे कर द्यावा लागेल. सर्वांत स्वस्त वर्गास, बारा महिन्यांत २,००,००० डॉलरची मिळकत व एकूण २,००,००० स्थापना झाल्यावर, दर स्थापनेस २० सेंट. ज्यांचे खेळ आधीच विकले जात होते त्यांनाही हे लागू होते. पाच वर्षांपूर्वी एका हिशेबाने आरंभलेले काम आज दुसऱ्या हिशेबाने मोजले जाणार, यात जो अन्याय होता तो कोणाही कुळाला समजावून सांगावा लागत नाही. एकच गदारोळ उठला. दहा दिवसांत, २२ सप्टेंबरास, अटी पुष्कळ सैल करण्यात आल्या. ऑक्टोबरात मुख्याधिकारी जॉन रिकिटिएलो पायउतार झाले. आणि बरोबर एक वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ रोजी, तो कर सर्वस्वी रद्द झाला. पण गेलेला विश्वास परिपत्रकाने परत येत नाही. 'टेरारिया' या खेळाच्या कर्त्या कंपनीने, री-लॉजिकने, गोदो व 'एफएनए' या दोन मुक्त प्रकल्पांस प्रत्येकी एक लाख डॉलर आणि शिवाय दरमहा हजार डॉलर देण्याचे जाहीर केले. 'स्ले द स्पायर' या गाजलेल्या खेळाच्या कर्त्यांनी त्याचा दुसरा भाग युनिटीवर दोन वर्षांहून अधिक काळ रचत आणला होता. तो त्यांनी उचलून गोदोवर नेला. दोन वर्षांचे काम पुन्हा करण्याचा हा निर्णय काय किमतीचा असेल, ते ज्याने आपला ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून लिहिला असेल त्यासच कळेल.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण जाहिरातींत तो मुद्दाम पुसट केला जातो. आज्ञावली वाचावयास मिळणे निराळे आणि ती मुक्त असणे निराळे. अनरिअलची आज्ञावली २०१४ पासून नोंदणी केलेल्या कोणासही पाहावयास मिळते, पण ती एपिकच्या अटींवर. यशस्वी खेळाच्या मिळकतीत तिचा हिस्सा असतो. 'डिफोल्ड' हे २०२० पासून एका प्रतिष्ठानाच्या हाती असलेले इंजिन त्याहून कितीतरी मोकळे आहे, तथापि इंजिन म्हणून ते विकण्यास मनाई असल्याने तेही काटेकोर अर्थाने मुक्तस्रोत ठरत नाही. ॲमेझॉनने आपले 'लंबरयार्ड' २०२१ साली 'ओथ्रीडीई' या नावाने लिनक्स फाउंडेशनच्या स्वाधीन केले, ते मात्र खरेच मुक्त. रस्ट भाषेतील 'बेव्ही' हे २०२० चे. ते अजून वयात यावयाचे आहे.

गोदोलाही एक दार उघडता आलेले नाही. निंटेंडो, सोनी, मायक्रोसॉफ्ट यांच्या खेळयंत्रांवर खेळ चढविण्यास जी साधने लागतात ती गुप्ततेच्या करारावर मिळतात. ती उघड्या आज्ञावलीत घालताच येत नाहीत. परक्याच्या भागामुळे घर अडण्याची ही आणखी एक तऱ्हा. त्यावर तोड म्हणून गोदोच्या काही कर्त्यांनी २०२२ साली 'डब्ल्यू-फोर गेम्स' ही निराळी कंपनी काढून ते काम मोबदल्याने करून देण्याची व्यवस्था केली. मुक्त प्रकल्पाचे धुरीण आणि व्यापारी कंपनीचे मालक तेच, ही स्थिती आम्हांस फारशी निर्धास्त वाटत नाही. नेक्सुइझचा इतिहास ताजा आहे. पण दुसरा मार्ग दिसत नाही हेही मान्य केले पाहिजे.

राहता राहिली ती गोष्ट आम्हां मराठी व कोंकणी लोकांच्या जिव्हाळ्याची, म्हणजे अक्षरांची. रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरीचे तसे नाही. संगणक 'मि' हे अक्षर आधी म आणि मग ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने साठवितो. दाखविताना मात्र वेलांटी मागे न्यावी लागते. जोडाक्षरांसाठी तर दोन-तीन वर्ण वितळवून एक आकृती करावी लागते. गोदोच्या ३ च्या शाखेत हे ज्ञान मुळीच नव्हते. ती वर्ण साठविल्या क्रमाने मांडी. परिणामी 'मिरची' लिहावी तो वेलांटी र वर जाऊन 'मरिची' दिसे, आणि 'महाराष्ट्र' शब्दाचे शेवटचे अक्षर पाय मोडलेल्या तीन तुकड्यांत विखरून पडे. देवनागरीत खेळ काढू इच्छिणाऱ्यास शब्दांची चित्रे करून चिकटविणे किंवा रोमन लिपीत लिहिणे, एवढेच उरे. हा पर्याय आपल्या भागाला नवा नाही. गोव्यात छापखाना १५५६ साली आला, पण देवनागरीचे खिळे आले नाहीत. म्हणून फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले, आणि त्याचेच कोंकणीचे व्याकरण १६४० साली राचोलहून निघाले तेही रोमनमध्येच. देवनागरी खिळ्यांनी छापलेले केरीचे मराठी व्याकरण दिसावयास १८०५ साल आणि बंगालातील श्रीरामपूर यावे लागले.

गोदोमध्ये हे काम ४.० मध्ये झाले. त्यासाठी कर्त्यांनी शून्यापासून आरंभ केला नाही. 'हार्फबझ' हे आधीचे मुक्तस्रोत साधन इंजिनात जोडून घेतले. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांतही अक्षरे जुळविण्याचे काम तेच करते. बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या रचनाकाराने ते वाढविले, आणि त्याचे नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. आपल्या मराठीतला 'हरफ' तोच. अरबी-उर्दूची उजवीकडून डावीकडे जाणारी लिपीही याच आवृत्तीत नीट चालू लागली, हे हैदराबादकर वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते. सप्टेंबर २०२५ च्या ४.५ आवृत्तीत अंधांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनांशी जोडही, प्रायोगिक स्वरूपात का होईना, देण्यात आली आहे.

अक्षरे जुळली तरी खिळे लागतातच, आणि तेही आता मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळीने घडविलेले 'मुक्ता' व 'बलू' हे देवनागरी अक्षरसंच मुक्त परवान्यावर आहेत. खेळासोबत ते वाटण्यास कोणाची परवानगी काढावी लागत नाही. गोदोच्या ४ च्या शाखेत 'मुक्ता' घेऊन 'महाराष्ट्र' हा शब्द टंकला, तर शेवटचे 'ष्ट्र' अखंड उमटते, आणि 'मिरची'ची वेलांटी म च्या डाव्या अंगाला जाऊन बसते.